दोरीच्या अलीकडे

पत्र

नमस्कार काकू,

माझा मुलगा आठ वर्षांचा, तिसरीत आहे. दीड वर्ष झालं बुद्धिबळ शिकतोय. गेल्या महिन्यात जिल्ह्याच्या ठिकाणी एका मंगल कार्यालयात नऊ वर्षांखालच्या मुलामुलींची एकत्र स्पर्धा होती. सात फेऱ्या, प्रत्येकाला पंधरा मिनिटं आणि दर चालीला पाच सेकंद. सहा फेऱ्यांत त्याचे पाच गुण झाले. शेवटचा डाव जिंकला असता तर करंडक नक्की होता. समोर त्याच्याहून वर्षानं लहान मुलगी बसली होती.

डावाच्या मध्यावर तिनं वजिराला हात लावला आणि मग तो सोडून घोडा खेळली. माझ्या मुलानं ते पाहिलं, पण काही बोलला नाही, आपली चाल खेळला. आमचे हे दोरीबाहेर उभे होते. ते तिथूनच ओरडले, “टच मूव्ह! सांग ना, टच मूव्ह!” सगळा हॉल वळून बघायला लागला. ती मुलगी रडायला लागली. पंचांनी ह्यांना बाहेर काढलं आणि डाव पुढे चालू ठेवला. शेवटी तिच्याकडे नुसता राजा उरला होता, तोही कोपऱ्यात, आणि ह्याच्याकडे वजीर होता. तरी स्टेलमेट, म्हणजे बरोबरी, झालं. अर्धा गुण गेला, पाचवा नंबर आला.

येताना पन्नास किलोमीटर गाडीत कुणी बोललं नाही. एरवी आम्ही वाटेत रसवंतीवर थांबतो, त्या दिवशी थांबलो नाही. घर जवळ आल्यावर हे एवढंच म्हणाले, “हातात वजीर असताना एका मुलीला हरवता येत नाही तुला.” तेव्हापासून त्यानं पट पलंगाखाली सारलाय. क्लासचं नाव काढलं की पोटात दुखतं म्हणतो. ह्यांचं म्हणणं, महिन्याला अडीच हजार जातात, अजून साधं रेटिंग, म्हणजे खेळाच्या ताकदीचा आकडा, आलेलं नाही, एक तर मोठा कोच लावू नाहीतर बंद करू. सासूबाई म्हणतात, बंदच करा. त्या मुलीनं फसवलं ना? आयोजकांकडे तक्रार करू का? आणि ह्याला पुन्हा खेळायला बसवू की सोडून देऊ?

— एक आई

उत्तर

प्रिय ताई,

तक्रारीचं आधी बोलते, कारण ते लवकर संपतं. तक्रार करू नका. नियम तुमच्या बाजूनं नाही.

‘टच मूव्ह’, म्हणजे हात लावलेली सोंगटी खेळावी लागते, हे खरं. ती मुलगी वजिराला हात लावून घोडा खेळली असेल तर ते चुकलंच. पण समोरच्याची अशी चूक दाखवायचा हक्क आपण आपल्या सोंगटीला चाल करायला हात लावेपर्यंतच असतो. जागतिक संघटनेच्या, म्हणजे फिडेच्या नियमांत हे स्पष्ट लिहिलेलं आहे. तुमचा लेक आपली चाल खेळला त्या क्षणी तो हक्क संपला. बाबा ओरडले ते त्यानंतर. पंचांनी स्वतः पाहिलेलं नव्हतं, मुलानं हात वर केलेला नव्हता, आणि दोरीबाहेरच्या माणसाच्या ओरडण्यावर कुठल्याच पंचाला निर्णय देता येत नाही. बघणाऱ्याला काही गैर दिसलं तर त्यानं हळूच पंचाच्या कानावर घालावं, खेळणाऱ्याशी बोलू नये, असा नियम आहे. पंच योग्यच वागले.

आता त्या मुलीबद्दल. अकरा वर्षं मी शाळेच्या सुट्ट्यांत लहान गटांच्या स्पर्धांना पंच म्हणून जात होते आणि मुद्दाम शेवटच्या टेबलांवर काम मागून घ्यायचे. सात वर्षांच्या मुलाचा हात डोक्याच्या आधी निघतो. वजिरावर हात जातो, तेवढ्यात समोरचा उंट दिसतो, हात घाबरून मागे येतो. आपण नियम मोडला हे त्यातल्या निम्म्यांना कळतही नाही. ज्यांना कळतं ती आधी समोरच्याकडे बघतात, मग माझ्याकडे, आणि मग कान लाल होतात. तिला फसवणारी म्हणू नका. शेवटी एकटा राजा उरला असताना ती डाव सोडून उठली नाही, हेही लक्षात घ्या. रडून झाल्यावर, भरल्या हॉलमध्ये, आपल्यावर ओरडणारा माणूस दाराबाहेर उभा असताना ती राजा हलवत राहिली. तो अर्धा गुण तिनं कमावला.

तुमच्या पत्रातल्या ज्या वाक्यापाशी मी थांबले ते वेगळंच आहे. ‘मुलानं ते पाहिलं, पण काही बोलला नाही.’

का बोलला नसेल? त्याला नियम माहीत होता, नाहीतर त्याच्या ते लक्षातच आलं नसतं. आपल्याकडे मूल शहाणं कधी म्हटलं जातं? पाहुण्यांसमोर गप्प बसतं तेव्हा. मोठ्यांच्या मध्ये बोलत नाही तेव्हा. अशा मुलाला एक दिवस आपण अनोळखी हॉलमध्ये नेऊन बसवतो, आणि गळ्यात ओळखपत्र घातलेल्या एका उंच माणसाला हात वर करून बोलवावं, समोरच्या मुलीची चूक मोठ्यानं सांगावी, अशी अपेक्षा धरतो. दीड वर्ष त्याला घोड्याचे दुहेरी हल्ले शिकवले गेले, किल्लेकोट, म्हणजे राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवणं, कधी करावा ते शिकवलं गेलं. हात वर कसा करायचा, हे बहुधा कुणी शिकवलं नाही. क्लासमध्ये हे शिकवत नाहीत असं नाही, पण एकदा सांगितलं जातं आणि सोडून दिलं जातं. ते सवयीत मुरायला लागतं.

तो गप्प राहिला तेव्हा त्याच्या मनात काहीतरी चाललं होतं. कदाचित, ‘जाऊ दे, मी तसाही पुढे आहे.’ कदाचित, ‘ती रडेल.’ कदाचित नुसती भीती. काहीही असो, तो निर्णय त्याचा होता. पुढे कधीतरी घरी डाव लावून बसला असता आणि स्वतःच म्हणाला असता, अरे, मी तेव्हा सांगायला हवं होतं. पण त्याच्या वतीनं दुसरंच कुणी बोललं, तेही सगळ्यांसमोर.

त्यानंतर काय होतं ते मी बघितलंय. खेळणाऱ्या मुलाची मान खाली असते. ओठ हलत असतात, पाय टेबलाखाली झुलत असतात, पण नजर पटावर असते. दोरीबाहेरून आईचा किंवा बाबांचा आवाज आला की मान वर होते, आणि मग ती परत पूर्ण खाली जात नाही. दर चालीनंतर नजर दाराकडे जाऊन येते. चाल बरोबर आहे की नाही हे आता पट सांगत नाही, दारातला चेहरा सांगतो. तुमच्या लेकाच्या बाबतीत तर तो चेहराही बाहेर काढला गेला होता. आपल्यामुळे बाबांना बाहेर काढलं, हे ओझं घेऊन तो उरलेला डाव खेळला. त्या अवस्थेत त्यानं डाव एकट्या राजापर्यंत आणला, याचं मला कौतुक वाटतं.

आणि स्टेलमेट. ते कसं झालं असेल याचा मला बराचसा अंदाज आहे, कारण या वयात ते जवळजवळ एकाच पद्धतीनं होतं. नुसता वजीर आणि राजा घेऊन मात कशी करायची, हे शिकवताना मुलांना एक सोपी युक्ती देतात. समोरच्या राजापासून घोड्याच्या चालीवर, अडीच घरांवर, वजीर ठेवायचा. मग राजा जिकडे सरकेल तिकडे वजीरही तसाच सरकवायचा. राजा आपोआप कडेला जातो. युक्ती छान आहे, सगळ्या पटावर चालते, फक्त कोपऱ्यात चालत नाही. समजा काळा राजा कोपऱ्याशेजारच्या जी८ या घरावर आहे आणि पांढरा वजीर ई७ वर. राजा एच८ ला, कोपऱ्यात गेला. हात सवयीनं वजीर एफ७ ला नेतो. पुन्हा अडीच घरं, शिकवल्याप्रमाणे. पण आता राजाला शह नाही आणि हलायला एकही घर नाही. डाव बरोबरीत. वजीर ई७ वरच राहू देऊन आपला राजा जवळ आणायला सुरुवात केली असती तर काही चालींत मात होती. म्हणजे तुमचा मुलगा जे शिकला तेच खेळला, फक्त एक चाल जास्त. हे त्याला असं नकाशासारखं दाखवलंत तर तो जन्मात विसरणार नाही. ‘हातात वजीर असताना’ या शब्दांनी त्याला यातलं काहीच कळलं नाही.

१२ डिसेंबर २०२४ ला सिंगापूरला जगज्जेतेपदाचा चौदावा आणि शेवटचा डाव चालू होता. डाव बरोबरीकडे चालला होता. पंचावन्नाव्या चालीला तेव्हाचा जगज्जेता डिंग लिरेन यानं हत्ती चुकीच्या, एफ२ या घरावर नेला, गुकेशनं हत्ती आणि मग उंट बदलून घेतले, आणि प्याद्यांच्या जोरावर अठरा वर्षांचा मुलगा जगज्जेता झाला. डिंग तेव्हा बत्तीस वर्षांचा होता. हाच गुकेश त्या लढतीचा पहिला डाव हरला होता. थकलेला, दडपलेला माणूस पटावर समोर असलेलं पाहू शकत नाही, मग तो कितीही मोठा असो. तुमचा आठ वर्षांचा आहे.

‘एका मुलीला’ या शब्दांवर मला बोललंच पाहिजे, ताई. ते वाक्य तुमच्या मुलाला जितकं लागलं तितकंच मला लागलं. रोहिणी खाडिलकर १९७६ साली, तेरा वर्षांच्या असताना, पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळायला उतरल्या. असं करणाऱ्या त्या देशातल्या पहिल्या. त्यावरून मोठं वादळ झालं, पण त्या खेळल्या. त्यांच्या घरातल्या तिघी बहिणींनी, वासंती, जयश्री आणि रोहिणी, महिलांचं राष्ट्रीय विजेतेपद वर्षानुवर्षं आपल्याच घरात ठेवलं होतं. नागपूरच्या दिव्या देशमुखनं २०१४ मध्ये दरबानला दहा वर्षांखालच्या मुलींचं जगज्जेतेपद मिळवलं, आणि जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बाटुमीत कोनेरू हंपीला हरवून महिलांचा विश्वचषक जिंकला, तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. पत्रातली ती सात वर्षांची मुलगी उद्या कोण होईल मला माहीत नाही. पण तुमच्या मुलाला पुढची कित्येक वर्षं मुलींसमोर बसून खेळायचंय. प्रत्येक वेळी ‘हिच्याकडून हरलो तर’ ही जादा सोंगटी पटावर ठेवून त्यानं खेळावं का? ते वाक्य त्याच्या बाबांनी स्वतः मागे घ्यायला हवं, त्याच्यासमोर.

बाबांवर मी रागावलेले नाही. कारण गाडीतला तो प्रवास मीही एकदा केलाय, एसटीतून.

माझी लेक नऊ वर्षांची होती. शाळांच्या स्पर्धेला मी तिला घेऊन गेले होते आणि ती पाचांपैकी चार डाव हरली. एसटी स्टँडवर, बाकावर शेजारी बसून, मी तिला म्हणाले, “एवढ्या लांब हरायला आणलं होतं का मी तुला?” ती काही बोलली नाही. मला वाटलं, बरं झालं, ऐकून घेतलं. दोन महिन्यांनी दुसरी स्पर्धा होती. मी बाहेर डबा घेऊन बसले होते. पहिल्या फेरीनंतर ती धावत आली, म्हणाली, “जिंकले.” दुसरीनंतर, “जिंकले.” तिसरी बरोबरी, चौथी जिंकले. मी खूश होते, तिला भेळ दिली. तेव्हा निकाल हातानं लिहून भिंतीवर चिकटवत. संध्याकाळी निघताना मी सहज तक्ता बघायला गेले. तिच्या नावासमोर चार फेऱ्यांत एक गुण होता. मी त्या तक्त्यासमोर बराच वेळ उभी राहिले. ती माझ्या पदराला धरून उभी होती आणि तिला ठाऊक होतं की मला कळलंय. घरी जाताना मी काहीच बोलले नाही, आणि ते गप्प बसणंही चुकलं. जवळ घेऊन, “माझ्या त्या बोलण्यानं तुला खोटं सांगावं लागलं” एवढं म्हणायला हवं होतं. ते म्हणायला मला पुढे खूप वर्षं लागली. तोवर तिनं खेळणं सोडलं होतं. तिनं सोडलं याचं मला तेवढं दुःख नाही. चार तास ती आत एकटी हरत होती आणि बाहेर येऊन हसत होती, हे अजून आठवतं.

तुमच्या मुलाचं पोट दुखतंय, म्हणजे तो अजून तुमच्याशी खोटं बोलत नाहीये. पट पलंगाखाली आहे, म्हणजे त्यानं तो टाकूनही दिलेला नाही. पोटदुखी शाळेच्या दिवशीही व्हायला लागली, किंवा रात्री झोपेतून उठवायला लागली, तर मुलांच्या डॉक्टरांना दाखवा, त्यात वेळ घालवू नका. फक्त क्लासपुरतीच असेल तर पंधरा-वीस दिवस क्लास बंद ठेवा. तुमच्या सरांना फोन करून खरं कारण सांगा. मोठा कोच आत्ता नको. जखम पायाला झालीय आणि आपण महागडे बूट आणतोय, असं होईल ते.

पुढचा मजकूर त्याच्या बाबांना वाचायला द्या.

दादा, तुम्ही रविवार सोडून, गाडी काढून, सात फेऱ्या दोरीबाहेर उभे राहिलात. अशी उभी राहणारी माणसं मी खूप पाहिली आहेत आणि त्यांच्याशिवाय या राज्यात एक मूल बुद्धिबळ खेळलं नसतं. तुम्हाला मुलावर अन्याय होताना दिसला आणि तोंडून शब्द गेला. पण त्याचा अर्थ त्याच्यापर्यंत उलटा पोचला. तुम्ही त्याच्या बाजूनं ओरडलात, त्याला ऐकू आलं की त्याच्यावर ओरडलात. ‘सांग ना’ या दोन शब्दांमुळे.

रेटिंगचं म्हणाल तर, मार्च २०२४ पासून फिडेच्या यादीत यायलाच १४०० लागतात. त्याआधी ही पायरी १००० ची होती. रेटिंग असलेल्या खेळाडूंशी निदान पाच डाव खेळून, त्यांत १४०० च्या तोडीचा खेळ दाखवला, की मग पहिला आकडा मिळतो. दीड वर्ष शिकलेल्या आठ वर्षांच्या मुलाला तो नसणं हे अगदी नेहमीचं आहे. ते अडीच हजार वाया गेलेले नाहीत. सातपैकी साडेपाच गुण ही त्याचीच कमाई.

तुम्ही त्याच्याशी एकदा बोला. झोपायच्या आधी, दिवा मालवल्यावर, तेव्हा मुलांना ऐकणं सोपं जातं. “मी तिथं ओरडायला नको होतं. डाव तुझा होता. आणि गाडीत जे मुलीबद्दल बोललो ते चुकीचं होतं.” एवढंच. त्यापुढे ‘पण’ जोडू नका. ‘पण तूही सांगायला हवं होतंस’ असं शेपूट लावलंत की आधीचं सगळं पुसलं जातं. त्यानं उत्तर दिलं नाही तर वाट बघू नका, पांघरूण घाला आणि झोपा. सरांच्या ओळखीतून त्या मुलीच्या घरच्यांपर्यंत दोन शब्द पोचवता आले तर तेही करा. आणि केलंत तर मुलाला कळू द्या.

त्यानंतर तीन-चार दिवसांनी पट बाहेर काढायचा. तुम्ही काढायचा, दादा. त्याला ‘ये खेळायला’ म्हणू नका. तुम्ही आणि त्याची आई बसा. आजींना पंच करा. आणि खेळताना तुम्ही चोऱ्या करा.

मी गंमत करत नाहीये, हा माझा जुना आणि खात्रीचा उपाय आहे. तुम्ही वजिराला हात लावा आणि घोडा हलवा. किल्लेकोट करताना आधी हत्तीला हात लावा, मग राजाला. तसा हात लावला की त्या बाजूचा किल्लेकोट गेला, हे त्याला माहीत असेल. नाहीतर दोन्ही हातांनी किल्लेकोट करा. चाल उजव्या हातानं करून घड्याळ डाव्यानं दाबा. राजा शहात असताना दुसरीच सोंगटी खेळा. प्यादं शेवटच्या घरात पोचलं की हत्ती उलटा ठेवा आणि ‘हा वजीर’ म्हणा. नियमात उलटा हत्ती हा हत्तीच असतो. सोंगट्या नीट करतोय असं दाखवत, ‘ॲडजस्ट’ न म्हणता, हात लावत सुटा. बाजूला खेळत असलेला तुमचा लेक दहा मिनिटांत येईल आणि म्हणेल, “बाबा, असं नसतं.” तेव्हा त्याची आई त्याला सांगेल, “मग पंचांना सांग. घड्याळ थांबव, हात वर कर.”

पहिल्यांदा तो हसत करेल. आजींकडे बघून हात वर करेल आणि म्हणेल, “आजी, टच मूव्ह.” आजींनी खऱ्या पंचासारखं उठून यायचं, “काय झालं?” विचारायचं, त्याचं पूर्ण ऐकायचं, मग तुमचं ऐकायचं. बेकायदा चाल पकडली तर त्याला घड्याळात दोन मिनिटं जादा द्यायची, खऱ्या स्पर्धेतही पहिल्या बेकायदा चालीला समोरच्याला तेवढी मिळतात. मग तो तुमच्यासमोर बसेल आणि तुम्ही रोज नवी चोरी शोधून काढायची. कधी कधी आजींनी मुद्दाम म्हणायचं, “मी पाहिलं नाही बाबा, खेळ पुढे.” तेही त्याला पचवता यायला हवं, कारण खऱ्या हॉलमध्ये ते होणारच. बापाची चूक मोठ्यानं, न घाबरता, सगळ्यांसमोर सांगता आली की अनोळखी पंचाला सांगणं त्याला जड जाणार नाही. तुम्ही त्याच्यासाठी दोरीबाहेरून जे करायला गेलात, ते तो स्वतः करायला लागेल.

दुसरा खेळ रात्रीच्या जेवणानंतरचा. त्याच्याकडे राजा आणि वजीर, तुमच्याकडे एकटा राजा. तुम्ही जिंकू शकत नाही, तुम्हाला फक्त स्टेलमेट मिळवायचंय. कोपऱ्याकडे पळा. जीव तोडून पळा. त्याला त्या कोपऱ्यात स्टेलमेट होऊ न देता मात करायचीय. पाच-सहा मिनिटांचा डाव, जागा बदलून पुन्हा एकदा. त्याला वजीर मिळेल तेव्हा सल्ला देऊ नका. आणि तुम्हाला वजीर मिळेल तेव्हा, आधी त्याची आई तुम्हाला घड्याळ लावून पंधरा सेकंदांत चाल करायला लावेल. बघा, तुमचा हात एफ७ कडे जातो की नाही.

आता परत तुमच्याशी, ताई.

तो पटाजवळ आलाच नाही तर? मग नाही आला. महिनाभर तुम्ही दोघं खेळा, तुमचं जेवणानंतरचं तेवढंच बोलणं होईल. मूल ज्या खोलीत असतं तिथल्या आवाजावर त्याचं लक्ष असतंच. त्यानंतरही नको म्हणाला तर सोडू द्या, पण सोडताना ‘तुला जमलं नाही’ असं कुणी म्हणणार नाही एवढं बघा. सासूबाईंना सांगा, बंद करायचं की नाही हे त्यांनी ठरवू नये, तुम्हीही नाही. मात्र पंच त्यांनीच व्हावं. माझा अनुभव असा की आजी पंच झाली की मूल येतंच, कारण आजीचा निर्णय चुकतो आणि मुलाला तो दुरुस्त करायचा असतो.

आला, आणि पुन्हा स्पर्धेला जायचं म्हणाला, तर पहिली स्पर्धा जवळची, छोटी, एका दिवसाची निवडा. निघण्याआधी ठरवून टाका की तुम्ही दोघं त्याला दिसणार नाही अशा जागी बसाल, आणि तो नाश्त्याला, पाण्याला हवा तेव्हा बाहेर येईल. फोनवर पुढच्या फेरीत समोर कोण आहे, त्याचं रेटिंग किती, हे बघून त्याला सांगू नका. हॉलच्या दारातून मुलं बाहेर येतात तेव्हा पंचवीस पालक एकदम विचारतात, “काय झालं? जिंकलास?” तुम्ही पाण्याची बाटली पुढे करा. हरला असेल तर पाणी पिता पिता सांगेल, जिंकला असेल तर बाटली हातात घ्यायच्या आधीच सांगेल. डाव उलगडायचा तर त्याच दिवशी नको, दुसऱ्या दिवशी, तोही त्यानं मांडला तर. आणि त्यानं विचारलं, “बाबा, मी हात वर केला असता तर?” तर त्यालाच विचारा, त्याला काय वाटतं.

परतताना रसवंतीवर थांबा, निकाल काहीही असो. आल्याचा घेणार की लिंबाचा, एवढंच विचारा.

— तुमची काकू